भरती बघा, मग पेडल मारा

कोकणात सायकल? तीही सपाटीवर? ऑफिसात लंच टाइमला हा विषय एकदा काढून बघा. समोरचा आधी मनसोक्त हसतो. मग मामाच्या गावाला जाताना एसटी पहिल्या गिअरवर कण्हत-कुंथत घाटी कशी चढते, त्याचं रसभरीत वर्णन ऐकवतो. त्याचं काही चुकत नाही म्हणा. रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवाल तिथे एकतर चढ असतो, नाहीतर उतार. वर सडा, खाली खाडी, आणि मधे घाटी नावाचं ते प्रकरण. पण जरा थांबा. त्याच नकाशावर समुद्रातून आत घुसलेल्या निळ्या रेघा बघा. काजळी, शास्त्री, वाशिष्ठी, मुचकुंदी. या रेघांच्या दोन्ही काठांना जी चिंचोळी हिरवी पट्टी दिसते ना, ती सपाट आहे. अगदी टेबलासारखी. आजचा कॉलम त्या पट्टीबद्दल.

तुमच्यापैकी जे ऑनसाइट जाऊन आलेत, त्यांना युरोपातली सायकल टूर नावाची चैन ठाऊक असेल. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने तीनशेहून जास्त किलोमीटर सायकल मारत जायचं. गाडी नाही, हॉर्न नाही, चढ जवळजवळ नाहीच. सत्तर वर्षांच्या आजी-आजोबांच्या जोड्या टुणटुणीत चेहऱ्याने तुम्हाला ओव्हरटेक करून जातात. फ्रान्समध्ये कनाल द्यू मिदी आहे, 1681 साली पूर्ण झालेला, सुमारे 240 किलोमीटरचा. त्याच्याही काठाने लोक आठवडाभर निवांत सायकली चालवतात.

आता हे रस्ते सपाट का? होडीला टेकडी चढता येत नाही, म्हणून. आणि हे रस्ते मुळात आहेत का? घोड्यांमुळे! इंजिनं येण्याआधी मालाच्या होड्या काठावरून घोडे दोरखंडाने ओढत. घोड्यांना चालायला पाण्याला लागून सलग वाट हवी, ती बांधली गेली. घोडे गेले, वाट राहिली, आणि त्या वाटेवर सायकली आल्या.

मग आपल्याकडे का नाही? नदी होती, होड्या होत्या, व्यापार तर जोरात होता. राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि 1661 साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, हे शाळेत आपण सगळेच घोकलंय. राजापूर समुद्रावर नाही, खाडीच्या आत आहे. चिपळूणचं गोवळकोट बंदरही तसंच आत. एवढ्या आत गलबतं यायची कशी? भरतीवर. पाणी चढायला लागलं की होडी आत सोडायची, ओहोटी लागली की बाहेर काढायची. घोड्याचं काम आमच्याकडे चंद्र करत होता, तोही फुकटात. त्यामुळे काठाने घोड्यांसाठी वाट बांधायची गरज कुणालाच पडली नाही. कोकणी माणूस फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर पैसे घालत नाही, हे तुम्ही जाणताच.

पण वाट अगदीच नाही असंही नाही. फक्त ती वेगळ्याच कारणासाठी बांधलेली आहे. खाडीकाठी भाताची शेतं आहेत आणि भरतीचं खारं पाणी त्यात शिरलं की पीक गेलंच. म्हणून शेत आणि खाडी यांच्यामधे मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात, पाण्याच्या बाजूने दगडाचं पिचिंग केलेले. मधे मधे उघाड्या असतात, म्हणजे पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडणारी आणि खाडीचं खारं पाणी आत न येऊ देणारी दारं. सरकारचा यासाठी वेगळा खारभूमी विकास कायदा आहे, 1979 चा. हॉलंडमधल्या डाइकचे फोटो बघून आपण वॉव म्हणतो, त्याचाच हा आपला लाल मातीतला धाकटा भाऊ.

या बांधाच्या माथ्यावरून सायकल चालवणं हा काय प्रकार आहे ते शब्दांत सांगणं कठीण आहे, पण कॉलम लिहायचा तर सांगायलाच हवं. एका बाजूला कापणी झालेली भातशेतं, त्यात उरलेल्या ओलीवर टाकलेला कुळीथ नाहीतर पावटा. दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि त्यापलीकडे पाणी. उंची पुरुषभर, रुंदी कुठे चार फूट, कुठे दोन. इथे स्पीडचा विचारच करायचा नाही. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडं जास्त, बस्स. समोरून डोक्यावर टोपली घेऊन मावशी आल्या तर उतरून बाजूला व्हायचं. रस्ता त्यांचा आहे, आपण पाहुणे. पावसाळ्यात तर बांधावर चाक घालूच नका. ओल्या मातीत टायरची चाकोरी पडते, त्यातून पाणी वाहतं आणि बांध तिथूनच खचायला लागतो. उघाडी आली की सायकल खांद्यावर. आणि कुणाच्या शेताच्या कडेने जाताना विचारून जायचं, एवढं तर आपल्याला घरी शिकवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र बांधावरून फिरताना डोळ्यांत खुपते. बरेच बांध फुटलेत. फुटलेल्या जागेतून भरती आत शिरली की जमिनीत खार चढतो आणि दोन-चार वर्षांत जिथे भात होतं तिथे कांदळ उगवलेलं दिसतं. मुलं मुंबईला, बांधाला माती घालायला गावात माणूस नाही. पूर्वी हे काम गावकी एकत्र येऊन करायची. आता सरकारी निधीची वाट बघायची. आणि एकदा कांदळ उगवलं की ते तोडता येत नाही, कारण कांदळवनाला कायद्याचं कडक संरक्षण आहे. ते असायलाच हवं. पण म्हणजे ती शेती कायमची गेली. कारच्या काचेतून हे दिसत नाही, तिथून नुसतं हिरवंगार दिसतं आणि आपण म्हणतो, वा, काय निसर्ग आहे!

असो. आता मुद्द्याचं. जायचं कुठे?

सुरुवात काजळीपासून करा. सह्याद्रीतून साखरप्याकडून येणारी ही नदी रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला भाट्याला समुद्रात उतरते. भाट्याचा पूल, पुलापलीकडे सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्र, झरी विनायकाचं देऊळ. इथवर सगळेच येतात, भेळ खातात, सेल्फी काढतात. इथून पावसच्या दिशेने समुद्राकाठचा रस्ता थेट चढाला लागतो, तो आपला नाही. आपण समुद्राकडे पाठ करायची आणि नदीबरोबर आत शिरायचं. सोमेश्वर, चिंचखरी, हातीस, तोणदे, चांदेराई ही सगळी काजळीच्या काठची गावं. शहर सड्यावर आणि सोमेश्वर खाली, त्यामुळे ट्रिपची सुरुवातच उताराने होते, यासारखं सुख नाही. (परत येताना काय होतं ते आत्ताच विचारू नका.)

खरं सांगायचं तर रस्ता सगळीकडे पाण्याला चिकटून जात नाही. मधेच एखादं टेकाड आडवं येतं, रस्ता आत वळतो, दोन पेडल उभं राहून मारावी लागतात, आणि मग पुन्हा वळणावर नदी भेटते. गाड्या अगदीच नसतात असंही नाही. दिवसातून काही वेळा एसटी, अधूनमधून चिऱ्याचा डंपर, बाकी बाइकवरून शेजारच्या गावाला निघालेले लोक. पण सकाळी सात ते नऊच्या दरम्यान तुम्हाला तुमच्या चेनचा आवाज ऐकू येतो. बांद्र्यात किंवा हिंजवडीत शेवटचा कधी ऐकला होता?

हातीसला पीर बाबरशेखांचा दर्गा आहे. तिथल्या उरसाला हिंदू-मुसलमान दोघंही लोटतात. चांदेराईची बाजारपेठ तर नदीच्या इतकी जवळ की पावसाळ्यात काजळी दुकानांत येऊन जाते. पावसाळ्याबाहेर इथे चहा-भजी मारायची, जरा पाय ताणायचे आणि मागे फिरायचं. अर्ध्या दिवसाचं काम. जिम लावून सोडलेल्या माणसालाही झेपेल.

पण निघण्याआधी एक हिशेब शिकून घ्या. कोकणातल्या कुठल्याही आजोबांना तो तोंडपाठ असतो. त्याला अॅप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, आलेल्या आकड्याला साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी.

याचा सायकलशी काय संबंध? सगळाच. समजा तुम्ही सकाळी सहाला निघताय. अष्टमी असेल तर खाडी काठोकाठ भरलेली. पाणी आरशासारखं, कांदळाच्या झाडांची नुसती डोकी वर, आणि काठावरच्या माडांची उलटी चित्रं. तेच पौर्णिमेला गेलात तर ओहोटी. पाणी मधल्या पात्रात आकसलेलं, दोन्ही बाजूंना चकचकीत चिखल, त्यावर बगळे, तुतवार आणि वरून घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. आणि गुडघाभर चिखलात वाकून मुळे काढणाऱ्या बायका. तीच जागा, तीच वेळ, पण आठवड्याच्या फरकाने दोन वेगळी गावं! शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा दुपारच्या आत सखल बांधांवर पाणी चाटून जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं. बांधावरून जायचं तर भांगाचे दिवस बरे.

मला व्यक्तिशः ओहोटी जास्त आवडते. भरलेली खाडी वॉलपेपरवर छान दिसते, पण रिकाम्या खाडीत काहीतरी चालू असतं.

दुसरा पर्याय संगमेश्वरचा. कोकण रेल्वेने उतरायचं, कसब्याचं कर्णेश्वराचं कोरीव देऊळ बघायचं आणि शास्त्रीच्या प्रवाहाबरोबर फुणगूसकडे खाली सरकायचं. चिपळूणही छान. जिल्ह्यातलं हे त्यातल्या त्यात सपाट शहर, आणि सपाट असण्याची काय किंमत असते ते त्याने 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 22 जुलै 2021 ला मोजलं. तिथून गोवळकोटला, वाशिष्ठीच्या खाडीवर जाता येतं. कोकणातल्या बहुतेक नद्या वर डोंगरात मार्चपासूनच दगडगोटे दाखवायला लागतात, वाशिष्ठी मात्र भर मे महिन्यात वाहत असते. कारण कोयनेचं पाणी. सह्याद्रीच्या पलीकडे अडवलेलं पाणी बोगद्यांतून इकडे पोफळीच्या बाजूला आणतात, त्यावर वीज करतात आणि मग वाशिष्ठीत सोडतात. ती वीज तुमच्या ऑफिसच्या एसीत जाते, पाणी इथे वाहतं. या खाडीत मगरीही आहेत, त्या बघायला होडीतून सफरी निघतात. तेव्हा गरम झालं म्हणून सायकल टाकून पाण्यात उडी, हा फिल्मी प्लॅन इथे नको.

(पुणेकरांनो, तुमची रडारड आधीच ऐकू येतेय. तुमच्यासाठी घाटावर कालवे आहेत. नीरा डाव्या कालव्यासारख्या जुन्या कालव्यांच्या कडेने पाटबंधारे खात्याची देखरेखीची कच्ची वाट असते. पाणी पंपाशिवाय आपसूक वाहावं म्हणून कालव्याला अगदी नावाला उतार देतात, त्यामुळे ती वाट कुठल्याही महामार्गापेक्षा सपाट. सावली मिळेल तिथे मिळेल. खात्याला विचारून जा.)

आणि आता माझा सर्वात लाडका भाग. तर. म्हणजे फेरी.

रत्नागिरीपासून किनाऱ्याने उत्तरेला निघालात की आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत तुम्ही जयगडला पोचता. चढ-उतार आहेत, भरपूर आहेत, ते लपवत नाही. पण जयगडला रस्ता संपतो. समोर शास्त्रीची रुंद खाडी आणि पलीकडे तवसाळ. तिथून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. गुहागर म्हणजे समुद्राला समांतर पसरलेलं लांबच लांब गाव, वरचा पाट ते खालचा पाट, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी आणि मधून सावलीचा सपाट रस्ता. इथे सायकल आपोआप हळू होते. पुढे धोपाव्याला पुन्हा रस्ता संपतो, पुन्हा खाडी, पुन्हा फेरी, पलीकडे दाभोळ. गाड्या नेणारी फेरीबोट या दाभोळ-धोपावे मार्गावर 2003 साली सुरू झाली, नंतर जयगड-तवसाळलाही. त्याआधी लहान होड्यांची तर होतीच.

फेरीवर सायकल चढवायची, कठड्याला टेकवायची आणि वाऱ्यात उभं राहायचं. शेजारी मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं, लग्नाला निघालेलं वऱ्हाड, एखादी पुण्याची एसयूव्ही. कुणीतरी विचारणारच, "कुठनं आलाव? सायकलीनं? आनि गाडी नाय?" आपण सांगायचं, आहे, घरी ठेवली. मग आपल्याकडे ज्या नजरेने बघतात, त्यात कीव आणि कौतुक यांचं प्रमाण अजून मला नक्की कळलेलं नाही.

आता बघा, या रस्त्यावर ट्रॅफिक का नाही? सुंदर नाही म्हणून? छे! ट्रॅफिक नाही कारण रस्ता खाडीशी तुटतो. ट्रकवाला फेरीची वाट बघत बसत नाही, तो मुंबई-गोवा हायवेने जातो. फेरी म्हणजे गाळणी आहे. ज्याला घाई नाही तोच इकडे येतो.

ही गाळणी आता निघणार. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाने खाड्यांवर मोठे पूल घेतलेत, आणि त्या यादीत जयगड आणि दाभोळच्या खाड्याही आहेत. पूल झाले की हायवेवरचा बराच ट्रॅफिक किनाऱ्याला वळेल, वळावा हाच तर उद्देश आहे.

अशा वेळी शहरी माणूस पटकन हळवा होतो. गेलं ते कोकण, वगैरे. मला ते पटत नाही. रात्री शेवटची फेरी गेल्यावर घरातलं कुणी आजारी पडलं तर काय करायचं, हे तवसाळच्या माणसाला विचारा. पलीकडचे दिवे डोळ्यांना दिसतात, पण गाडीने पोचायचं तर खाडीला लांबच लांब वळसा. माझ्या वर्षातून दोन वीकएण्डच्या शांततेसाठी त्यांनी पुलाशिवाय राहावं असं म्हणायचा मला काय अधिकार? पूल व्हायलाच हवेत.

प्रश्न आहे कसले पूल. मुंबईकरांना हा प्रश्न नीट कळेल. 2009 साली वांद्रे-वरळी सी लिंक सुरू झाला, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू. दोन्हींवर सायकलला बंदी, बाइकलाही बंदी, चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. आपण समुद्रावर एवढे देखणे पूल बांधले आणि त्यावरून जायला आधी चार चाकं विकत घ्यायची अट घातली! उद्या जयगडला असाच पूल झाला आणि गिऱ्हाईक तुटून फेरी बंद पडली, तर? सायकलवाला हौशी, तो जाईल दुसरीकडे. पण आज जी मावशी टोपली घेऊन फेरीने पलीकडे विकायला जाते आणि जी पोरं चालत जेट्टीवर येतात, त्यांनी काय करायचं? पुलाच्या कडेला दीड-दोन मीटरची कठडा घातलेली पट्टी डिझाइनमध्येच असली तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर मात्र ती जोडता येत नाही. रत्नागिरी, चिपळूण, दापोली या सगळीकडे आता सायकल क्लब आहेत, दर रविवारी रस्त्यावर दिसतात. ही मागणी त्यांनी लावून धरली, तर तिच्यात मच्छीवाल्या मावशींचाही आवाज येईल. आणि ती आत्ताच करायला हवी, काँक्रीट ओतण्याआधी.

बरं, निघायचं असेल तर थोडं प्रॅक्टिकल. सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत आंब्याला मोहोर आलेला असतो, त्याचा वास बांधापर्यंत येतो. ऑक्टोबरच्या उन्हात शौर्य दाखवू नका. सायकल रेल्वेने न्यायची तर ब्रेक व्हॅनमध्ये रीतसर बुक करा आणि रत्नागिरी किंवा चिपळूणसारख्या मोठ्या स्टेशनवर उतरवा, लहान स्टेशनावर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. गिअर असलेली कुठलीही साधी सायकल चालते, लाख रुपयांची लागत नाही. उलट 26 इंची चाकांची ट्यूब गावातल्या बाजारपेठेत मिळून जाते, रोड बाइकच्या बारीक टायरची मिळत नाही, ती सोबत घ्या. पाणी दोन लिटर. बांधावर सावली नसते. जेवायला आधी सांगून ठेवलंत तर घरगुती खानावळीत कुळथाची पिठी, भात आणि ताजा मासा मिळतो. न सांगता गेलात तर वडापाव आहेच.

आणि फेरीचं टाइमटेबल नेटवर बघून समाधान मानू नका, दुपारी पोचल्यावर जेट्टीवरच विचारा. संध्याकाळची शेवटची चुकली तर रात्र तवसाळात काढावी लागते.